उंची वाढवून मिळेल

सासूबाईंना गाडीत बसवायला हल्ली दुधाचा क्रेट लागतो. निळा, प्लॅस्टिकचा, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याकडून मागून आणलेला. तो पालथा घालायचा, सासूबाईंनी देवाचं नाव घेऊन त्यावर उजवा पाय ठेवायचा, आतून आमच्या हिने हात धरून ओढायचं आणि बाहेरून मी, नेमका कुठे आधार द्यावा हे न कळल्यामुळे, नुसतं "सावकाश, सावकाश" म्हणायचं. क्रेटला नाडी बांधलेली आहे. सगळे चढले की शेवटचा माणूस विहिरीतून पोहरा काढावा तसा तो क्रेट वर ओढून घेतो आणि मग मोहीम निघते. कोथरूडहून डेक्कनला, दाताच्या डॉक्टरकडे.

गाडी मेहुण्याची. जपानी बनावटीची डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्यांचा काडीचा दोष नाही. त्यांनी गाडी चांगलीच दिली होती. शोरूममधून आली तेव्हाही ती सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांच्या टपांवरून पलीकडचं बघत होती. पेढे वाटले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. सासूबाई तेव्हा क्रेटशिवाय चढल्या होत्या. पण आठच दिवसांत मेहुण्याला गाडी बुटकी दिसायला लागली.

"दाजी, स्टॉक आहे ना अजून," तो खिन्नपणे म्हणाला. 'स्टॉक' म्हणजे कंपनीने दिली तशीच. या मंडळींत हा शब्द 'अजून लग्न जमलेलं नाही' या चालीवर उच्चारतात.

या दुखण्याचं मूळ आइसलंडात आहे. तिथे लोकांना खरोखरच हिमनद्यांवरून गाडी न्यायची असते. भुसभुशीत बर्फात साधं चाक रुततं, म्हणून ते अडतीस इंची, प्रसंगी चव्वेचाळीस इंची टायर घालतात आणि त्यातली हवा तीन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. आपल्या स्कूटरच्या मागच्या चाकातही तीसच्या आसपास असते. हवा उतरली की टायर भाकरीसारखा पसरतो आणि गाडी बर्फावर जवळजवळ तरंगते. २००७ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर'वाल्यांनी तिथल्याच 'आर्क्टिक ट्रक्स'कडून हायलक्स पिकअप तयार करून घेतल्या आणि त्या उत्तरेच्या चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ सालच्या जागेपर्यंत हाकल्या. मेहुण्याने तो भाग किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. लोक डोक्यावर बर्फ ठेवतात ते शांत होण्यासाठी. याचं तो बर्फ पाहून डोकं तापलं.

मग एके दिवशी जेवताना जाहीर झालं, "गाडीला लिफ्ट टाकतोय." आमच्या इमारतीला लिफ्ट टाकायचा ठराव सोसायटीच्या सभेत अकरा वर्षं पडून आहे. मेहुण्याने चार दिवसांत काम उरकलं. दोन इंची लिफ्ट, तेहतीस इंची टायर, नव्या डिस्का, मिळून साडेतीन लाख. इमारतीच्या लिफ्टसाठी माझ्या वाट्याला याच्या निम्मे येत होते, तर मी गुडघे अजून बरे आहेत असं सभेत लेखी दिलं होतं.

गॅरेज बायपासच्या कडेला होतं. मला कशाला नेलं हे आधी कळेना. नंतर कळलं की अशा वेळी घरातलं वडीलधारं कुणीतरी लागतं. गाडी जॅकवर चढवलेली, चारही चाकं काढलेली. पुढचे शॉकअप आणि कॉइल स्प्रिंगा निघाल्या, त्यांच्या जागी पिवळ्याधमक लांब नव्या आल्या. मागचे पाटे बदलले. यू-बोल्ट आवळले. इथवर सगळं शस्त्रक्रियेसारखं शिस्तीत. मग नवा टायर चढवून पोऱ्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि 'खर्रर्र' असा आवाज आला. टायर आत घासत होता. मिस्त्री वाकला, बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "किरकोळ कापावं लागेल." त्याने आतलं प्लॅस्टिकचं अस्तर हीट गनने तापवून मागे दाबलं, उरलेलं कापून टाकलं, मग चाकामागे पत्र्याची जी शिवण असते तिच्यावर फडकं धरून हातोड्याने ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. सहा महिन्यांची गाडी. कर्जाचे हप्ते अजून साडेचार वर्षांचे. मेहुणा तोंड फिरवून उभा राहिला, मुलाचे कान टोचताना बाप उभा राहतो तसा. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे लोहार आला होता.

आता हिशेब. हा मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे केला, कुणी मागितला नव्हता. जुना टायर २६५/६० आर १८. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, डिस्क अठरा इंची. सगळं धरून व्यास ७७५ मिलिमीटर. नवा टायर २८५/७० आर १७, व्यास ८३१. याला 'तेहतीस इंची' म्हणतात, पण मोजला तर ३२.७ भरतो. लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखंच हे. तिथेही कुणी टेप लावत नाही. फरक पडला ५६ मिलिमीटरचा. चाकाचा वरचा अर्धा भाग वरच वाढतो, तेव्हा जमिनीपासून उंची वाढली त्याच्या निम्मी, २८ मिलिमीटर.

आणि दोन इंची लिफ्ट? ती कुठे गेली? ती गेली वर. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आडव्या ॲक्सलवर डिफरन्शियलचा भोपळ्याएवढा गोळा लोंबत असतो, आणि रस्त्यातला दगड आधी त्यालाच भेटतो. लिफ्टने पाट्यांवरची बॉडी वर उचलली जाते, ॲक्सल आहे तिथेच राहतो, कारण त्याला उचलणारं एकच, ते म्हणजे चाक. मोठ्या टायरला जागा होते आणि चढाला गाडीचं नाक आपटायचं वाचतं, एवढं श्रेय लिफ्टला द्यायला हवं. पण गोळ्याच्या पदरी पडले ते २८ मिलिमीटरच. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. साडेतीन लाख खर्चून मेहुण्याने गोळ्याखाली दहाचं एक नाणं उभं करण्यापुरती जागा मिळवली. मी प्रत्यक्ष नाणं काढून दाखवलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला आवड नाही."

मीटरचंही तेच. चाक सात टक्क्यांनी मोठं झालं, पण मीटर बिचारं जुन्याच चाकाचे फेरे मोजतंय. काटा शंभरवर असला की पूर्वीच्या हिशेबाने गाडी एकशेसातवर असते. कंपन्या मुळात काटा थोडा पुढेच ठेवतात. त्या भांडवलावर मेहुणा एक्सप्रेसवेवर अजून तरला आहे. ॲव्हरेज मात्र दोनदा पडलं: एकदा जड टायर आणि वाऱ्यामुळे खरोखर, आणि एकदा कागदावर, कारण किलोमीटर कमी मोजले जातात. पैकी कागदावरचं तेवढं तो मान्य करतो. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, घाटात वळणावर गाडी बोटीसारखी कलते, पूर्ण वळवली की पुढून 'कट-कट' येतं. त्यावर मिस्त्रीने ठेवणीतलं उत्तर दिलं, "साहेब, एवढा आवाज राहतोच."

कायद्याचं मी सहज विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. दंड दर बदलामागे. मेहुणा इंजिनिअर आहे. तो लगेच मोजायला बसला. "लिफ्टचा एक. टायर पाच आहेत, पण बदल एकच धरतील ना?" मी म्हटलं, विमा कंपनीला कळवलंस का? तेव्हा त्याला अचानक आठवलं की गॅसवर दूध ठेवलंय. ते आमच्या घरातलं दूध होतं आणि ते फ्रीजमध्ये होतं.

यात तो एकटा आहे असं नाही. अमेरिकेत पिकअपचं नाक आभाळाकडे आणि बूड रस्त्याला अशी फॅशन इतकी फोफावली की नॉर्थ कॅरोलिना राज्याला २०२१ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ड्रायव्हरला समोरचा रस्ताच दिसेना. गंमत म्हणजे कंपनीतून पिकअप निघते ती बरोब्बर उलटी, मागून थोडी वर. कारण तिकडच्या इंजिनिअरांची भाबडी समजूत अशी की पिकअपमध्ये कुणीतरी माल भरेल, आणि भरला की मागची बाजू दबून गाडी समतल होईल. मेहुण्याला ते मागे उचललेलं बूड बघवत नव्हतं. त्याने पुढून जास्त उचलून गाडी रिकामीच समतल करून घेतली. मागे चार पोती टाकली तर आता नाक वर जातं आणि हेडलाइट थेट दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पडतात. पण पोती टाकतोय कोण?

टाकायची वेळ आली, आमच्यावर. गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं, दीड किलोमीटरवर. मी टेम्पो ठरवत होतो, तर मेहुणा दुखावला. "आपली पिकअप असताना टेम्पो?" आमची ही भावाच्या बाजूने. मी गप्प.

सकाळी तीन हमाल आले. म्होरक्या साठीचा, खांद्यावर टॉवेल. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागे येऊन उभा राहिला आणि फाळक्याला हात लावला. फाळका त्याच्या छातीला आला.

"हे काय, साहेब?"

"पिकअप."

"ते दिसतंय. फाळका कमरेला लागतो. लोखंडी कपाट छातीपर्यंत उचलायचं म्हणजे दोन माणसं जास्त लागतील." मग त्याने आत डोकावून पाहिलं. हौद्याच्या मधोमध स्टेपनी उभी करून बोल्टने जखडलेली. तेहतीस इंची स्टेपनी गाडीखालच्या मूळ जागेत मावत नाही, म्हणून ती वर आली आहे, आणि ती वर आल्यामुळे दुसरं काही मावत नाही. म्होरक्या बराच वेळ त्या स्टेपनीकडे बघत होता. "ही काढता येईल?" मेहुणा म्हणाला, पाना घरी आहे.

शेवटी तीनचाकी टेम्पो आला. कपाट, पलंग, फ्रीज, पुस्तकांची अठरा खोकी, सगळं त्यात दोन फेऱ्यांत गेलं. मागोमाग पिकअप निघाली, तिच्यात तुळशीची कुंडी, प्रेशर कुकर आणि सासूबाई. टेम्पोवाला प्रत्येक गतिरोधकावर तिरका होऊन हळूच उतरे. मागे मेहुणा न थांबता सरळ जाई आणि प्रत्येक वेळी कुकरची शिट्टी खाली पडे. त्या दीड किलोमीटरवर त्याचा चेहरा मी आरशात पाहिला. आनंदी होता. खोटं का बोला, मलाही जरा बरं वाटलं.

जुन्या घराच्या गॅलरीत शेवटचं सामान राहिलं होतं: मेहुण्याच्या गाडीचे मूळ पाच टायर, डिस्कांसकट. "विकताना लोक ओरिजनल मागतात, दाजी" म्हणून गेलं वर्षभर ते माझ्याकडे. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला आलेल्या बाईंनी त्यातल्या पाण्यावर बॅटरी मारून मला दहा मिनिटं सुनावलं होतं. पिकअप रिकामी परत आणून मेहुणा खाली उभाच होता. पण हे पाच नग स्टेपनीशेजारी बसेनात. ते चालले टेम्पोत.

म्होरक्याने एक टायर उभा केला, बोटाने नक्षी चाचपली. रबराचे केससुद्धा अजून झडले नव्हते.

"नवे आहेत की. कुठल्या गाडीचे?"

मी खाली पिकअपकडे बोट दाखवलं. त्याने टायरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, खालच्या मेहुण्याकडे पाहिलं, मग टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"हे बोलीत नव्हते, साहेब. एका नगाचे पन्नास पडतील. लिफ्ट नाही ना तुमच्या बिल्डिंगला."