उजेडाची जमाबंदी

लांजीत रात्रीच्या जेवणानंतर किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर एखादे वाटोळे, पिवळसर तेज हलताना दिसले, तर परक्या पाहुण्याने तो लांजकाई देवीचा चमत्कार समजून हात जोडण्याची घाई करू नये. कारण बहुधा ते आमच्या निवृत्त पटवारीजींच्या बॅटरीचे तेज असते, आणि पटवारीजी त्या समयी उजेडाची मोजणी करीत असतात.

हा असामी केवळ लांजीच्याच मालकीचा आहे, असा अभिमान आम्ही बाळगत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन भंडारा मुंबई राज्यात गेला, आमचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि दप्तरांची वाटणी झाली. परंतु धान, मराठी बोलणे आणि रात्री बांधावर जाणाऱ्यांचा आपापल्या बॅटरीविषयीचा दुराग्रह ही मिळकत मात्र बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर अविभक्तच राहिली. आमगावकडेही अशी मंडळी आहेत. तिकडे ती तलाठ्याच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली, इतकेच.

पटवारीजींची बॅटरी पितळेची, तीन सेलांची. निकेलचा मुलामा अंगठ्याखाली झिजून आतले पितळ उघडे पडले आहे, आणि मागच्या झाकणात एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेला आहे. सेल उतरू लागले म्हणजे ते कौलांवर उन्हात मांडावयाचे, आणि स्प्रिंग सैल पडली म्हणजे तिच्याखाली सिगारेटच्या पाकिटातील चांदीच्या कागदाची घडी सारावयाची, हे विधी ते स्नानसंध्येच्या निष्ठेने पार पाडतात.

मोजणीची रीत अशी. ६६ फुटी जुनी जरीब अंधारात पसरावयाची, प्रत्येक जरिबेच्या टोकाशी शेजारचा एखादा मुलगा वर्तमानपत्र घेऊन उभा करावयाचा, आणि कोणत्या टोकापर्यंत त्याला मोठा मथळा वाचता येतो याची नोंद वहीत करावयाची. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हा सिद्धांत पटवारीजींनी कोणत्याही ग्रंथावाचून, केवळ पोरांच्या कुरकुरीवरून, स्वतंत्रपणे स्थापित केला आहे. वहीचा शेवटचा रकाना अर्थातच ‘कैफियत’.

अशा या सुव्यवस्थित कारभारात पुतण्याने गोंदियाहून एलईडीची बॅटरी आणून ठेवली, आणि पितळेची ठेवावी की काढावी हे प्रकरण दाखल झाले. पिवळ्या बल्बात विजेचा बहुतेक भाग तार तापविण्यातच खर्ची पडतो, आणि निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हा पुरावा पटवारीजींनी तक्रार न करता रुजू करून घेतला; त्यांची हरकत खोक्यावरील आकड्यांना होती. “ल्यूमेन म्हणजे सगळ्या दिशांचा मिळून उजेड. मौज्याची एकूण जमाबंदी सांगितली म्हणून माझ्या खात्यात किती पिकले ते समजते काय जी?” नेमक्या एका दिशेचे तेज कॅन्डेलात मोजतात, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. पुढे झोताची लांबी जिथवर उजेड पाव लक्स उरतो तिथवर धरतात, म्हणजे सुमारे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, हे कळल्यावर मात्र ते संतप्त झाले. “चांदणे देवाने फुकट दिले असता त्याचे दाम का द्यावे?”

तडजोड म्हणून जुन्या पितळेतच एलईडीचा बल्ब बसविण्याची तजवीज झाली. परंतु जुना आरसा चहूकडे उजेड फेकणाऱ्या तारेच्या बेताने घडविलेला, आणि हा नवा बल्ब बहुतेक समोरच पाहणारा. किल्ल्याच्या भिंतीवर लख्ख पांढरे कडे उमटले, आणि मधोमध अंधार. कैफियतीत नोंद झाली: ‘उजेड विपुल, नेम नाही.’

त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, परंतु या साऱ्या मोजणीत एक खाते कोरेच राहिले, हे सांगणे भाग आहे. पावसाळ्यात बांधावर निघालेल्या माणसाला किल्ल्याची भिंत दिसून काय उपयोग? मण्यार रात्रीच हिंडते, आणि ती पायाखाली असते, सहा जरिबांवर नसते. तिथे दोन पावलांवर पसरणारा सौम्य उजेडच कामाचा, आणि तो पुतण्याच्या हलक्या बॅटरीत भरपूर आहे. पटवारीजींना हे ठाऊक नाही असे नाही. धुक्यात पिवळा उजेडच चालतो, हा त्यांचा राखीव मुद्दा. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळ्या-पांढऱ्याचा भेद त्यांच्या लेखी जवळजवळ नसतोच, पण हे त्यांच्यासमोर बोलण्याची छाती आमच्यात कोणाची नाही.

निकाल धान कापणीपर्यंत तहकूब आहे. दरम्यान पटवारीजी दोन्ही बॅटऱ्या घेऊन शेतावर जातात. डाव्या हातातली एलईडी जमिनीकडे वळवून, तिच्या उजेडात एकेक पाऊल निरखून टाकीत ते चालतात. उजव्या हातातली पितळेची विझलेली असते. समोरून कोणाची चाहूल लागली की डावी चटकन धोतराआड जाते, उजवीचे बटण खटकन सरकते, आणि त्या पिवळ्या झोतामागून अंमलदारी आवाज येतो, “कोण आहे जी तिकडे?”