शेवट सांगत नाही हां!

सालवडच्या नाक्यावर बगलेत जाडजूड पुस्तक आणि त्यात खूण म्हणून कंपनीचा गेटपास खोचलेला माणूस दिसला, की ओळखीचे लोक रस्ता ओलांडतात. तो वाचकभाऊ असतो. असा एकेक नग गावोगावी असतोच. पण आमचा तारापूर एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत राबतो, त्यामुळे तो कुठल्या वेळी गाठेल याचा नेम नाही.

पुस्तक त्याच्या अंगात येतं आणि पुढचं हाती लागेपर्यंत उतरत नाही. ‘मृत्युंजय’ 1967 सालची, पण भाऊला परवा मिळाली, म्हणजे ती परवाच आली. शिवाजी सावंतांनी कर्णाची कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितली आहे. झालं! सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलाचा विषय निघाला आणि भाऊने तो आधी सेक्रेटरीच्या, मग टँकरवाल्याच्या, मग तळमजल्यावरच्या आजींच्या तोंडून मांडला. टाकीचं मनोगत सुरू होताच अध्यक्षांनी सभा तहकूब केली. आमच्याकडे एकमताने झालेला तो पहिलाच ठराव.

विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ चालू होतं तेव्हा संक्रांतीला त्याने तिळगूळ नाकारला. 14 जानेवारी 1761 ला काय झालं ते आठवून म्हणे घास उतरत नाही. डोळे पुसत पुसत मला म्हणाला, ‘‘शेवट सांगत नाही हां, तुम्ही स्वतःच वाचा!’’

मग ‘इकिगाई’. जपानमधल्या ओकिनावातलं ओगिमी गाव, तिथली शंभरी गाठलेली म्हातारी माणसं, ऐंशी टक्के पोट भरलं की ताटावरून उठायचं वगैरे. वहिनींनी बोंबलाचं कालवण केलं त्या रात्री टक्केवारी एकशे वीसवर गेली, ते सोडा. पण गच्चीवर उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचं त्याने सगळ्यांनाच सांगितलं. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशात पहिलं आलेलं. इथे श्वास जपूनच घ्यावा लागतो. ‘‘भाऊ, ओगिमीत केमिकल झोन आहे का?’’ एकाने विचारलं. ‘‘अजून त्या पानापर्यंत आलो नाही,’’ भाऊ म्हणाला. हा प्रामाणिकपणा मात्र मला आवडतो. न वाचता बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’चं मुखपृष्ठ बघून शेअर रिक्षातल्या शेजाऱ्याने अदबीने सरकून जागा दिली. ‘‘अणुऊर्जा केंद्रात लागलात? पर्मनंट?’’ 1969 पासून वीज देणारं केंद्र इतकं जवळ असल्यावर बिचाऱ्याला दुसरं काय वाटणार? त्या पुस्तकात नवी सवय दोन मिनिटांपासून लावा असं आहे. भाऊने दोन मिनिटं चालायची सवय लावली. दोन मिनिटांवर वडापावची गाडी आहे. सवय टिकली.

सध्या ‘सेपियन्स’ चालू आहे. काल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो वहिनींना सांगत होता, ‘‘माणसाने गहू पाळला असं आपल्याला वाटतं. चूक! हरारी म्हणतो, गव्हाने माणसाला पाळलंय.’’

वहिनींनी कणीक तिंबता तिंबता वर पाहिलं. ‘‘अहो, मग तुमच्या मालकाचा डबा केव्हाचा दाराशी ठेवलाय. गिरणी आठला बंद होते.’’