हसरा, सरळ, रडका

माझी धाकटी बहीण जव्हारकडे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. मी निवृत्त होऊन घरात नुसता बसलोय हे तिला बघवेना, म्हणून तिने मला एका पाड्यावर नेलं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायला पोषण आहाराची पाकिटं मिळतात. त्यातलं पीठ शिजवून पोरं खातात की नाही ते बघायचं होतं. मी नातवाला रोज भरवतो (म्हणजे नातू टीव्ही बघतो आणि मी चमचा धरतो), तेव्हा या विषयात मी जाणकारच.

जीपमध्ये मी तिलाच तिची योजना समजावली: १९७५ पासून चालू आहे, दिवसाला ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८००. ती खिडकीबाहेर बघत होती.

अंगणवाडीत दंड मोजायची पट्टी होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल. उत्साहात मी ती माझ्या दंडाला लावली. पुरलीच नाही.

मग शिरा. चुलीचा धूर चष्म्यात, पाणी आधी की पीठ आधी या प्रश्नावर मदतनीसबाईंशी मतभेद, तोवर बुडाला करप आणि वर लिंबाएवढ्या गुठळ्या, तरी मी गूळ वाढवून वेळ मारून नेली. माझ्यासमोर दोनेक वर्षांची एक पोर बसवली. माझ्या कागदावर तीन चेहरे छापलेले: हसरा, सरळ, रडका, तिचा कसा होतो त्यावर खूण करायची. तिने घास गालात धरला. गिळेना, थुंकेना, पापणीही हलवेना. मी आ करून दाखवला, विमान उडवलं, मांजर झालो. शेवटी तिने सगळा शिरा सावकाश माझ्या पँटवर सोडला.

"दादा, नवी चव पोरं आठ-दहा वेळाही नाकारू शकतात. जबरदस्ती नाही, फक्त देत राहायचं," बहीण म्हणाली.

पोरीच्या आईने वेगळंच सांगितलं. पाकीट एकीच्या नावाचं, पण चुलीभोवती पोरं चार. मोठ्यांना नको कसं म्हणायचं? माझ्या ५०० कॅलरींना चाराने भागायचं कुठल्याच कागदावर नव्हतं. मी जीपमधलं भाषण आठवून गप्प बसलो.

तोवर सेविकाताईंनी तेच पीठ नागलीत कालवून, मीठ-मिरची घालून भाकर थापली. मोठ्या बहिणीच्या ताटातला तुकडा पोरीने ओढला आणि चावायला लागली. मग माझ्या शिऱ्याची वाटी उचलून, बोटांनी घास करून तिने माझ्या तोंडात कोंबला आणि चेहरा निरखत बसली.

गुठळी आतून कच्ची होती. मी हसरा चेहरा केला.

तिने वाटी कोंबडीपुढे सरकवली.