गुरुजी, आता कुठे क्लिक करू?

थ्रीडी कॅड शिकवणारं जाडजूड पाठ्यपुस्तक उघडलं की सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखं वाटतं. टॉप प्लेन निवडा. कॉर्नर रेक्टँगल काढा. 100, 60. एक्स्ट्रूड, 10. हिरव्या खुणेवर क्लिक करा. यजमानाने पळीभर पाणी कुठे सोडायचं आणि सुपारी कोणत्या बाजूला सरकवायची एवढंच ऐकायचं, ‘का?’ विचारलं तर गुरुजींना पुढच्या घरी उशीर होतो. शेवटी पडद्यावर एक राखाडी ब्रॅकेट अवतरतं, पुस्तकातल्या चित्राशी हुबेहूब जुळतं आणि यजमान तृप्त होतो. माझी तक्रार नेमकी या हमखास यशाबद्दल आहे. पुस्तकातला धडा सहसा फसत नाही, आणि या विद्येत शिकण्याजोगं जे आहे ते बहुतेक सगळं फसण्याच्या जागीच दडलेलं असतं.

पुरावा म्हणून 100 मिलिमीटर लांबीची पट्टी घ्या. पुस्तक सांगतं, डाव्या कडेपासून 50 वर भोक पाडा. भोक बरोबर मध्यावर पडतं. सॉलिडवर्क्समध्ये असाल तर स्केचच्या निळ्या रेषा काळ्या होतात, म्हणजे माप पुरेसं मिळाल्याचं समाधान सॉफ्टवेअरलाही लाभतं. आता लांबी 120 करा. भोक आपलं 50 वरच ढिम्म! ते मध्यावर हवं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मध्यरेषा काढून सिमेट्रीचं नातं जोडलं असतं, तर ते निमूटपणे 60 वर गेलं असतं. लांबी 100 असेपर्यंत दोन्ही मॉडेलं सारखीच दिसतात. एकाला आखणाऱ्याच्या मनातलं ठाऊक असतं, दुसऱ्याला फक्त आकडा. आयव्हन सदरलंड यांनी 1963 साली एमआयटीत ‘स्केचपॅड’वर प्रबंध लिहिला, तेव्हाच ही गोष्ट स्पष्ट झाली होती. प्रकाशलेखणीने वेड्यावाकड्या रेषा मारायच्या, त्या समांतर आहेत असं यंत्राला बजावायचं, की यंत्र त्या समांतर करून देई. पुढे 1980च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनीअरने हे तत्त्व घन आकारांना लावून बाजारात आणलं, आणि 1995 साली सॉलिडवर्क्सने ते विंडोजच्या साध्या संगणकावर आणलं. नाती सांगता यावीत म्हणून एवढी मंडळी 30हून अधिक वर्षं खपली, आणि पाठ्यपुस्तक ते सारं ‘ओके दाबा’मध्ये उरकतं.

क्रमाचंही तेच. चौकोनी डबा शेलने आतून पोखरून 2 मिलिमीटरची भिंत ठेवायची आहे आणि उभे कोपरे 10 मिलिमीटर त्रिज्येच्या फिलेटने गोल करायचे आहेत. आधी फिलेट, मग शेल केलं, तर आतला कोपरा आपोआप 8 त्रिज्येचा होतो आणि भिंत सगळीकडे 2 राहते. उलट केलं, तर आतला कोपरा टोकदारच राहतो, बाहेरची गोलाई कापत कापत त्याच्याही पलीकडे शिरते आणि कोपऱ्यात उभी फट पडते. नाहीतर सॉफ्टवेअर लाल खूण दाखवून हात वर करतं. पुस्तकातला क्रम बरोबरच असतो (लेखक जाणकार असतात, त्याबद्दल वाद नाही), म्हणून फट कधी दिसत नाही, आणि म्हणूनच क्रमाला काही अर्थ होता हे कळत नाही. सॉलिडवर्क्सचे संस्थापक जॉन हर्शटिक एकेकाळी पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळणाऱ्या एमआयटीच्या गाजलेल्या चमूत होते. फिलेट बसणं हा निव्वळ जुगार आहे असं नवख्याला वाटतं. पत्ते मोजणाऱ्याला तसं वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, आधी हात तर बसू दे, विचार मग करता येईल. मान्य, पण हात बसायला दोन-चार धडे पुरतात. ही पुस्तकं शेवटच्या प्रकरणातसुद्धा बोट सोडत नाहीत. मग व्हिडिओ बघावेत का? व्हिडिओ म्हणजे तेच गुरुजी, फक्त घाईतले. माउसचा बाण कुठून कुठे पळाला ते पाहण्यासाठी निम्मा वेळ मागे-पुढे करण्यात जातो. त्यापेक्षा पुस्तक बरं, कारण त्यात मापांसकट ड्रॉइंग छापलेलं असतं. सूचनांवर एक कोरा कागद ठेवून नुसत्या ड्रॉइंगवरून मॉडेल करायला घेतलं, की तेच पुस्तक एकदम कठीण आणि म्हणून उपयोगी होतं. अमेरिकी पुस्तक असेल तर आणखी मजा. एन. डी. भट यांच्या ‘इंजिनीअरिंग ड्रॉइंग’वर पोसलेला आपला विद्यार्थी फर्स्ट अँगलवाला, टॉप व्ह्यू खाली शोधणारा, तिथे तो वर असतो. शिवाय मापं इंचांत. मिलिमीटरच्या टेम्प्लेटमध्ये भाबडेपणाने तेच आकडे भरले, तर ब्रॅकेट 25.4 पट लहान होतं, आणि ‘झूम टू फिट’ केलं की तितक्याच दिमाखात पडदाभर उभं राहतं. ‘चित्र जुळलं’ या कसोटीवर कितपत विसंबावं, ते इथे दिसतं.

सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं, पुस्तक शिळं होतं, हा आक्षेप नेहमीचा. मला तर ते पुस्तकाच्या बाजूचंच बोलणं वाटतं. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत आणलेल्या जुन्या आवृत्तीत सांगितलेलं बटण सांगितलेल्या जागी सापडत नाही, तेव्हा ते बटण करतं तरी काय, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतो. लेखकाच्या मनात नसताना झालेलं हे अध्यापन नव्या आवृत्तीत मिळत नाही.

प्रकाशकाची अडचणही मी समजू शकतो. ‘पट्टीची लांबी 40 करा आणि काय मोडतं ते बघा’ असा धडा दिला, तर शेजारी उत्तराचं चित्र कोणतं छापायचं? एकाचं भोक पट्टीबाहेर हवेत, दुसऱ्याचा फिलेट गायब, तिसऱ्याच्या फीचर ट्रीवर लाल खुणाच खुणा, आणि तिन्ही उत्तरं बरोबर. यांना गुण कसे द्यायचे, हा प्रश्न एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे गेलाच, तर उपसमितीचा अहवाल येईपर्यंत सॉफ्टवेअरच्या आणखी दोन आवृत्त्या निघालेल्या असतील.