कोंबडीला औषध, घराला घाम

कोंबडी आजारी आहे हे घरात सगळ्यांत उशिरा कळतं, कारण ती ते होता होईल तेवढं लपवते. दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचून काढतात. म्हणून पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची पाळी येईपर्यंत तिचं सोंग चालू राहतं. मग मात्र धावाधाव होते. आजी लसूण ठेचते, शेजारीण हळद सुचवते आणि शिकलेला नातू पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घेऊन येतो.

आता ते फक्त कोंबडीच्या पोटात जायचं राहिलेलं असतं.

सकाळपासून मान टाकून बसलेली पेशंट नातवाच्या हातात ड्रॉपर दिसताच कुंपणावरून शेजारच्या परसात. मागोमाग टोपली घेऊन अख्खं घर! मुरलेली माणसं या फंदात पडतच नाहीत. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेनंतर खुराड्यात हात घालून तिला अलगद उचलता येतं. जुन्या टॉवेलात पंख गुंडाळायचे, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी हलकेच ओढायची, चोच उघडते. औषध मधोमध मात्र ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि तिथे गेलेलं औषध रोगाआधी कोंबडी संपवतं. चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडावं, तिला गिळू द्यावं. मान झटकून ती जे चष्म्यावर उडवते, ते मात्रेत धरू नये.

यापेक्षा भाकरीत कालवून दिलं तर? कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरूप-एबेने १९२१ च्या सुमारास मांडलं. औषधाची भाकरी परसात टाकणाऱ्याला ते लगेच कळतं. सगळ्यांत धट्टीकट्टी कोंबडी अख्खा कोर्स पूर्ण करते आणि आजारी बिचारी लांबून बघते. आजारात खाणं आधी सुटतं, पाणी त्यामानाने चालू राहतं. म्हणून रक्ती हगवणीवरचं अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून देतात. तेवढ्या दिवसांत मोरीचं पाणी मात्र अडवावं, नाहीतर औषधाचं भांडं तसंच राहतं आणि कोंबड्या खरकट्या पाण्यावर तहान भागवतात. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावं. ऑम्लेटप्रेमी मंडळी हा प्रश्न सोयीस्करपणे विसरतात.

आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर लसूण, हळद, ड्रॉपर सगळंच व्यर्थ. या विषाणूवर औषध नाही, आधी टोचलेली किंवा पाजलेली लसच कामी येते. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. तेव्हा ते मुठीत मावतं, कुंपण ओलांडत नाही. अडचण एवढीच, की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते, परसात असतात दहा-बारा, आणि एकदा कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढावी, बर्फाच्या डब्यातून एकच बाटली आणावी आणि सगळी पिल्लं एकाच सकाळी उरकून घ्यावीत.