ई-मेल पत्ता भामट्याच्या हाती देण्याची शास्त्रोक्त रीत

कोल्हापूरकर आल्या पाहुण्याला रस्सा वाढल्याशिवाय सोडत नाही. सायबरभामट्याच्या बाबतीत मात्र काही घरांत अजून हात आखडता दिसतो. कुणाच्या इनबॉक्समध्ये दिवसाला जेमतेम दोन फसवी पत्रं, कुणाला तर महिनोन्महिने परदेशी लॉटरीच लागत नाही. अशा मागे राहिलेल्या इच्छुकांसाठी हे मार्गदर्शन.

या विद्येचा मूळपुरुष गॅरी थर्क. मे १९७८ मध्ये त्याने आपल्या संगणक कंपनीची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडली. पत्ते छापील निर्देशिकेतून काढून हाताने टंकावे लागले होते. आजच्या भामट्याला इतके कष्ट पडू देणं बरं नव्हे.

सुरुवात लकी ड्रॉपासून करावी. मैदानावर प्रदर्शन लागलं की प्रत्येक स्टॉलवरचं कुपन भरावं. नाव, मोबाइल, ई-मेल, जन्मतारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. सोडत निघते, मिक्सर आयोजकाच्या पावण्याला लागतो. यादी एक्सेलमध्ये उतरते, हातोहाती विकली जाते आणि मिक्सर जळून गेला तरी चालू राहते.

उद्योजकांना याहून मोठी संधी आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला निर्यातीची ऑर्डर हवी असते, म्हणून पत्ता वेबसाइटवर, निर्देशिकेत, व्हिजिटिंग कार्डावर असा सगळीकडे छापावाच लागतो. तिथे रात्रंदिवस फिरणारे छोटे प्रोग्राम पानामागून पान उघडतात आणि ‘@’ दिसलं की त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर उचलतात. सरकारी संकेतस्थळं या चिन्हाऐवजी कंसात ‘ॲट’ आणि ‘डॉट’ लिहितात. ही युक्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही केव्हाच वाचली आहे. ज्याने पत्ता छापलाच नाही त्याच्यासाठी अंदाज असतो: कंपनीच्या नावाआधी ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ लावून पत्रं सोडायची. परत आली नाहीत ते पत्ते बहुधा जिवंत.

मग खरा खेळ. अकाउंट्सचा पासवर्ड एखाद्या बनावट लॉगिन पानावर भरून दिला की भामटा आतला पत्रव्यवहार निवांत वाचतो. कास्टिंगचा कंटेनर जहाजावर चढला की परदेशी ग्राहकाला पत्र जातं, ‘आमची बँक बदलली आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरं चिकटून बसलेली असतात. घाईत ती ‘एम’सारखीच दिसतात. माल ग्राहकाला मिळतो, पैसे तिसऱ्याला. नंतर फौंड्रीवाला आणि ग्राहक एकमेकांना चोर म्हणतात, तेवढ्यात तिसरा खातं रिकामं करतो.

आळशी इच्छुकाने काहीच केलं नाही तरी चालतं. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने कळवलं की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. ती सांभाळायचं काम सीटा या दुसऱ्याच कंपनीकडे होतं. राजारामपुरीत बसून एकदा जेवण मागवलं किंवा एकदा दुबईला जाऊन आलं, की आपला वाटा उचलला गेला.

पत्ता यादीत गेला म्हणून काम संपत नाही. तो चालू आहे हेही कळवावं लागतं. त्यासाठी फसवं पत्र चित्रांसकट उघडावं. त्यात डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र असतं, ते भामट्याच्या सर्व्हरवरून मागवलं गेलं की वाचक घरी असल्याची वर्दी पोहोचते. तरी शंका उरली तर खालच्या ‘नको असल्यास येथे क्लिक करा’वर मनोभावे क्लिक करावं. शाळेच्या बॅचच्या संमेलनाचं निमंत्रण पाठवताना ऐंशी जणांचे पत्ते उघड्या रांगेत ठेवावेत, बीसीसीच्या नादाला लागू नये.

कायद्याची भीती बाळगू नये. त्रास देणाऱ्या किंवा मूळ पाठवणारा लपवणाऱ्या ई-मेलना शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाल्यावर ते गाजलं होतं. गेलं ते बरंच झालं, पण त्याच्यासोबत स्पॅमवरचं पोटकलमही गेलं. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. त्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कागदावरची कुपनं संगणकात उतरली की तीही त्याच्या कक्षेत येतात, हे लकी ड्रॉवाल्याला सांगून उगाच त्याचा मूड घालवू नये.

राहता राहिला १९३० हा क्रमांक. पैसे गेल्यावर लगेच तिथे फोन लावला तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. म्हणून इच्छुकाने आधी जेवून घ्यावं, मग बँकेतल्या ओळखीच्या पावण्याला विचारावं, पावणा गावाला गेला असेल तर सोमवारपर्यंत थांबावं.