किल्ली माझ्याकडे आहे

गाडीची किल्ली सांभाळायचं काम त्याला कुणी दिलेलं नसतं. मिनियापोलिसहून उत्तरेला कनू वल्हवायला निघालेल्या मराठी टोळक्यात बाकीची कामं रीतसर वाटली जातात. तंबू कुणाचा, स्टोव्ह कुणाचा, डासांचं औषध कोण आणणार, पहिल्या दिवशीच्या पोळ्या कोण लाटणार. किल्लीचा विषय निघायच्या आत हा खिशावर हात ठेवून सांगून मोकळा होतो, "किल्ली माझ्याकडे आहे." ट्रेझरीचा चार्ज घेतलेल्या मामलेदाराने इतक्या गांभीर्याने सही केली नसेल.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बहुधा सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि तिचाच पगार घ्यायचा. पाठीवर एक सॅक, पोटावर एक छोटी बॅग, आणि त्या बॅगेत आणखी एक पाऊच. तोंडावर सगळे त्याला दादा म्हणतात, पाठीमागे किल्लीदार. हे त्यालाही ठाऊक आहे आणि त्याचा त्याला राग नाही, उलट कौतुकच आहे.

घराणं तसं जुनं. त्याच्या आजीचा किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला असायचा आणि कोठीघरातल्या लाडवांची संख्या त्या जुडग्याच्या आवाजावर ठरायची. आजोबांच्या ट्रंकेची किल्ली जानव्याला बांधलेली. आंघोळीतसुद्धा ती अंगावरून उतरत नसे. नातू अमेरिकेला आला, जानवं मुंबईच्या कपाटात राहिलं, आणि किल्लीला हक्काची जागा उरली नाही. हाफपँटच्या व्हेल्क्रोच्या खिशावर त्याचा विश्वास नाही. खरं तर कुठल्याच खिशावर नाही.

ज्या रानात ही मंडळी जातात ते 'बाउंड्री वॉटर्स' म्हणजे मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला चिकटून असलेला सुमारे ११ लाख एकरांचा मुलूख. हजाराहून जास्त तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू डोक्यावर उलटी घेऊन झाडीतून चालायचं. या चालण्याला पोर्टेज म्हणतात आणि ते रॉडमध्ये मोजतात. एक रॉड १६.५ फुटांचा, साधारण एका कनूच्या लांबीचा. आत रस्ता नाही, वीज नाही, बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला मज्जाव, आणि फोनला रेंज आली तर नवल. एका गटात ९ माणसं आणि ४ कनू, याहून जास्त चालत नाही. (मराठी टोळकं नेहमीच बारांचं ठरतं, मग तिघांनी यंदा राहायचं यावर महिनाभर फोनाफोनी चालते. किल्लीदाराचं नाव वगळायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.) विमानाने कुणी दुसरी किल्ली आणून टाकेल म्हणावं, तर तीही सोय नाही. १९४९ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून या रानावर समुद्रसपाटीपासून ४००० फुटांच्या खाली विमानं उडवायला बंदी घातली. हुकूम काढला रानातली शांतता राखण्यासाठी, पण किल्लीदार हा इतिहास असा काही सांगतो की ट्रुमनसाहेबांनी तो मुद्दाम त्याचा रक्तदाब वाढवायला काढला असावा.

म्हणजे बघा, पाच-सहा दिवस जिचा काडीचा उपयोग नाही अशी ही एकच वस्तू सामानात असते, आणि सहाव्या दिवशी तिच्यावाचून सगळं अडतं.

त्यात हल्लीची किल्ली ही किल्लीच राहिलेली नाही. पूर्वी पितळेचा किंवा पोलादाचा तुकडा पाण्यात पडला तर बुडायचा. गळाला लोहचुंबक बांधून निदान पोलादाचा काढता यायचा आणि पुसला की चालायचा. आता प्लॅस्टिकच्या डबीत सर्किट असतं, नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. पाणी आत शिरलं की तिचं काही खरं नाही. बॅटरी मेली तरी बऱ्याच गाड्यांत सोय असते: डबीच्या पोटात लपवलेलं साधं पातं असतं, त्याने दार उघडतं, आणि डबी स्टार्टच्या बटणाला टेकवली की गाडीतली कॉइलच आतल्या चिपला जेमतेम लागेल तेवढी वीज पुरवते. ही माहिती किल्लीदाराने गाडीच्या पुस्तिकेतून तोंडपाठ केली आहे आणि शेकोटीभोवती तो ती न विचारता सांगतो. ऐकणाऱ्यांना झोप चांगली लागते.

तयारी घरी, निघायच्या आधीच्या आठवड्यात सुरू होते. दुकानातून त्याने किल्लीला लावायचा तरंगता फोमचा गोळा आणलेला असतो. वेष्टनावर 'तरंगतो' असं छापलंय म्हणून विश्वास ठेवणाऱ्यातला तो नव्हे. अमेरिकेतल्या मराठी घराच्या बाथरूममध्ये, टब आणि शॉवर असूनही, एक बादली आणि तांब्या असतोच. ती बादली काठोकाठ भरली जाते. तिच्यात तो किल्ली सोडतो. गोळा एक क्षण वर राहतो, विचार केल्यासारखा तिरका होतो आणि सावकाश तळाला जातो. कारण गोळ्याने जबाबदारी घेतली होती एका किल्लीची, आणि याच्या कडीत गाडीची, घराची, टपालपेटीची, ऑफिसच्या खणाची अशा सगळ्या किल्ल्या, आणि वर पुण्याहून मामेबहिणीने पाठवलेला पितळी गणपती. पितळ पाण्याच्या आठ-साडेआठपट जड. वहिनी स्वयंपाकघरातून विचारतात, "झालं का विसर्जन?"

गणपती घरी ठेवला जातो, पण नमस्कार करून.

मग दुसऱ्या किल्लीचा प्रश्न. गाडीसोबत दोन मिळतात, तेव्हा एक सोबत न्यावी आणि एक गाडीजवळ, बंपरच्या आत किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लपवावी, असा जुना रिवाज. पण बटणाच्या गाडीला किल्ली जवळ आहे एवढंच कळतं, ती खिशात आहे की बंपरमध्ये याची चौकशी ती करत नाही. हँडलला हात लावणाऱ्या पहिल्या माणसाला ती दार उघडून देते. उपाय म्हणजे किल्ली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची, म्हणजे तिचा आवाज बाहेर जात नाही. किल्लीदाराने हाही प्रयोग गॅरेजमध्ये केला. एक पदर गुंडाळला, हँडल ओढलं, दार उघडलं. दोन पदर, उघडलं. कोपरा नीट दुमडला नव्हता, तो दुमडून आणखी तीन पदर चढवले, तेव्हा कुठे गाडी गप्प बसली. हातात आलेलं पुडकं बोटभर लांब, दोन्ही टोकं पिळलेली आणि चांगलं गुबगुबीत होतं.

हे वर्णन लक्षात ठेवावं. कारण पार्किंगमध्ये पोचल्यावर त्याला शेजारच्या व्हॅनमधले दोघं जण संशयास्पद वाटले (ते निवृत्त शिक्षक होते आणि मासे धरायला आले होते) आणि लपवलेली किल्ली त्याने परत काढून सोबत घेतली. आता, या रानात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. त्यामुळे जेवण पिशव्यांत आणि फॉइलमध्ये जातं. मराठी टोळक्यात पहिल्या संध्याकाळचं जेवण म्हणजे बटाट्याच्या भाजीचे पोळीत गुंडाळलेले रोल. ते वहिनींनी त्याच फॉइलमध्ये, तशीच टोकं पिळून बांधलेले. आणि उरलेलं खाणं अस्वलाच्या भयाने रात्री झाडाला टांगायचं, जमिनीपासून १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब.

रात्री दहाच्या सुमाराला "दुसरी किल्ली कुठाय?" असा घोगरा आवाज तंबूतून आला. पिशवी दोर सोडून खाली घेतली गेली. डोक्याला बांधलेल्या दिव्यांच्या उजेडात, डासांच्या साक्षीने, एकेक रोल उघडला. सकाळसाठी राखलेले सगळे रोल उघडून झाले, आणि शेवटल्या पुडक्यात बटाट्याऐवजी टोयोटा निघाली. उघडलेले रोल परत बांधण्यात अर्थ नव्हता, ते तिथेच संपवले. त्या रात्रीचं जेवण सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडलं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दोन किल्ल्यांपैकी एक दुसऱ्या कनूत द्यावी, एक उलटली तर एक वाचेल, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. त्यालाही कळतं. पण द्यायची कुणाकडे? एकाने पहिल्याच पोर्टेजवर चप्पल हरवली. दुसरा स्वतःच्या लग्नाची तारीख विचारून सांगतो. तिसऱ्याकडे डुलुथ पॅक आहे. हे पोतं म्हणजे इथल्या कनूवाल्यांची शान. डुलुथच्या कामिल पॉइरिए याने १८८२ साली त्याचं पेटंट घेतलं. जाड कॅनव्हास, कातडी पट्टे, आणि आत एकच अथांग पोट, कप्पा म्हणून नाही. त्यात टाकलेली किल्ली तळाशी जाते आणि तिथे ओल्या मोज्यांसोबत संसार थाटते. तेव्हा दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या अंगावर, एकाच कनूत.

अनुभवी लोक जे करतात ते फार साधं आहे: किल्ली छोट्या पाणबंद पिशवीत घालून तोंड तीनदा गुंडाळायचं, पिशवी कॅरॅबिनरने सॅकच्या आत अडकवायची, ती सॅक कनूला बांधलेली ठेवायची, आणि निदान आणखी दोघांना ती जागा दाखवून ठेवायची. लाइफ जॅकेटच्या खिशात नाही, कारण मुक्कामी ते उतरवून कुठेही टाकलं जातं. यातलं पिशवीचं सगळं किल्लीदार करतो, दोन पिशव्यांत करतो. अडतं ते शेवटच्या कलमावर. जागा तो कुणाला सांगत नाही. रानात पाय मुरगळतो, ताप भरतो, माणसाला उचलून न्यायची वेळ येते, तेव्हा त्याच्या बरगड्या चाचपून किल्ली शोधायची पाळी मित्रांवर येईल, हे त्याला समजावलं की तो म्हणतो, "माझ्याकडे आहे म्हटलं ना." पोर्टेजवर डोक्यावर कनू असताना एक हात कनूला आणि एक हात खिशाला, अशा अवस्थेत तो चालतो. मागचा माणूस रॉड मोजतो, हा खिसा मोजतो.

त्याची खरी कसोटी लागते ती दोन गाड्यांच्या सहलीत. मूस लेकवर पाण्यात शिरायचं आणि लेक वनवर बाहेर पडायचं, असा एक सुंदर मार्ग आहे. दोन्ही ठिकाणं ईली गावाच्या पूर्वेला, फर्नबर्ग रोडच्या अंगाने. आधी दोन्ही गाड्या लेक वनला न्यायच्या, एक तिथे सोडायची, दुसरीत दाटीवाटीने बसून मूस लेकला यायचं. दरवर्षी कुणा ना कुणा टोळक्याचा घोटाळा इथेच होतो. सोडलेल्या गाडीचा मालक परतताना नुसता प्रवासी असतो. खिशातली किल्ली बसताना टोचते, म्हणून तो ती काढून कप ठेवायच्या खळग्यात ठेवतो. मग तळ्यांमागून तळी पार करून, दाढी वाढवून, अंगाला धुराचा वास घेऊन सगळे लेक वनला गाडीपुढे उभे राहतात आणि किल्ली असते मूस लेकला. हे होऊ नये म्हणून किल्लीदार कनू पाण्यात ढकलण्याआधी कवायत घेतो. सगळे रांगेत. "लेक वनची किल्ली?" हात वर. "मूस लेकची?" हात वर. दोन्ही वेळा वर जाणारा हात त्याचाच असतो, तरी कवायत चुकत नाही.

या वाटेवर एन्साइन, थॉमस, फ्रेझर, इन्सुला, हडसन अशी तळी लागतात आणि मग चार ओळीने येतात: लेक फोर, थ्री, टू, वन. श्रीहरिकोट्यात उलट मोजणी सुरू झाल्यावर वैज्ञानिकांचं जे होत असेल ते इथे किल्लीदाराचं होतं. काठावर मूस पाणी पीत उभा असला तरी त्याचं लक्ष नसतं. बाकीच्यांनी तो मूस मनसोक्त पाहिलेला असतो. त्यांना खिसा चाचपावा लागत नाही, कारण त्यांच्या वाटणीची काळजी एकाने ठोक भावात घेतलेली असते. आणि तरीही सहलीचे फोटो निघाले की खिशावर हात असलेल्या याच्याच फोटोंना सगळे हसतात. हे तितकंसं बरोबर नाही, पण फोटो खरोखर हसण्यासारखे असतात.

एका वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं की दादाला सुट्टी द्यायची. ईलीतल्या एका कनूवाल्याकडून कनू भाड्याने घेतल्या. त्याच्या अंगणात गाडी ठेवायची, तोच व्हॅनने काठावर सोडणार आणि परत आणणार. किल्ली काउंटरवर द्यायची, मागच्या फळीवर नंबर घातलेल्या खिळ्याला ती लटकते. तिथल्या मुलीने कारणही सांगितलं: वणवा लागला तर गाड्या हलवता आल्या पाहिजेत. बोलणं पोकळ नव्हतं. २०११ साली पगामी क्रीकचा वणवा याच लेक वन-इन्सुलाच्या टापूत विजेने पेटला आणि ९० हजार एकरांहून जास्त रान गिळून गेला.

किल्लीदाराने ऐकून घेतलं. खिळा हलवून पाहिला. पावती मागितली, पावती नसते म्हटल्यावर खिळ्यासकट किल्लीचा फोटो काढला, नंबर दिसेल असा. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या संध्याकाळी भाताला उकळी येत असताना त्याने विचारलं, "ते दुकान बंद किती वाजता होतं?" कुणालाच ठाऊक नव्हतं. परतीच्या दिवशी पहाटे चारला त्याने तंबू हलवले. लेक फोर ते लेक वन त्या टोळक्याने ज्या वेगात कापलं तो नंतर कधी जमला नाही, आणि व्हॅन यायला त्यानंतर पाच तास होते.

त्या हिवाळ्यात मंडळाची सभा होती. गणपतीची मखरं, समया आणि ढोल ठेवायला भाड्याने घेतलेल्या गोदामाची किल्ली यंदा कुणाकडे द्यायची, असा विषय निघाला. हात कुणी वर केला नाही, पण माना सगळ्या एकाच रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. तो पार्किंगमध्ये गेला होता, गाडीला कुलूप लागलंय ना ते बघायला. ठराव त्याच्या माघारी एकमताने मंजूर झाला.